जिभेची भूल

वकीलसाहेबांचं अख्खं आयुष्य एका तत्त्वावर उभं होतं. माणसाने मनात येईल ते बेधडक बोलावं, आणि ऐकणाऱ्याने ते पचवावं. स्वतः मात्र त्यांनी जन्मात कुणाचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. कोर्टात ही सवय खपून गेली, घरच्यांनी चालवून घेतली, आणि जावयाच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला ती अंगाशी आली.

जावई दातांचा डॉक्टर. लेक त्याच दवाखान्याचा सगळा कारभार बघणारी. उद्घाटनाला कुणीतरी वकीलसाहेबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. आता दोन शब्दांत आटोपेल तो वकील कसला? माइक हातात घेऊन ते म्हणाले, "आमची लेक खरं तर वकील व्हायची. परीक्षकांनी तिन्ही वेळा तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि तिन्ही वेळा निकाल माझ्याविरुद्ध दिला." पाहुणे पोट धरधरून हसले. लेकही हसली, मग पाण्याचे ग्लास आणायच्या निमित्ताने आत गेली. तेव्हापासून ती वडिलांशी बोलत नव्हती.

"माफी मागून मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"कशाबद्दल? मी खोटं काय बोललो? आज विनोदाला कुंपण घाला, उद्या विचाराला घालाल."

तत्त्व शाबूत राहिलं. पण संध्याकाळी फोन वाजला की सगळ्यांत आधी तेच उठायचे, आणि लेकीचा असला की तो आईसाठी असायचा. त्यांना ते फार लागायचं. पण बोलून दाखवतील तर शपथ!

शेवटी एक दाढ ठणकायला लागली. दुसरे डॉक्टर काय कमी होते? पण हा माणूस निमित्तच शोधत होता, ते आयतं मिळालं. जावयाने त्यांना खुर्चीत आडवं केलं, भुलीचं इंजेक्शन दिलं, गालात कापसाचे बोळे कोंबले आणि लाळ ओढणारी नळी ओठाला अडकवली. बघता बघता जिभेचं लाकूड झालं.

जावई तसा अबोल. या सासऱ्यापुढे दुसरं काही होण्याची सोयच नव्हती. आज त्याने बॅकलॉग भरून काढला. "बाबा, जिभेला हाड नसतं, म्हणूनच निसर्गाने तिच्याभोवती बत्तीस पहारेकरी बसवलेत. बोलण्याला मर्यादा हवी हे माझं मत नाही हो. शरीररचनाच तशी आहे."

वकीलसाहेबांकडे याला फक्कड उत्तर होतं: पहारेकरीच किडतात, म्हणून तर तुझं दुकान चालतं. तोंडातून मात्र "आँ" एवढंच बाहेर पडलं.

"तेच म्हणतोय मी," जावई म्हणाला आणि त्याने मशीन सुरू केलं. इतका एकतर्फी खटला वकीलसाहेबांनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता.

मशीन थांबलं तेव्हा लेक दारात उभी होती. तिने नवऱ्याला विचारलं, "यांना अजून किती वेळ बोलता येणार नाही?"

"सिमेंट भरून होईपर्यंत."

"पुरे तेवढा." तिने स्टूल ओढलं आणि वडिलांच्या उशाशी बसली.

"बाबा, मला तुम्हाला गप्प करायचं नाहीये. घरात कुणी काय बोलावं याचे नियम मला नकोतच, हे तर मी तुमच्याकडूनच शिकले. पण नापास मी झाले होते. न्हाणीघरात नळ सोडून रडले होते मी. आणि तुम्ही म्हणालात, निकाल 'माझ्याविरुद्ध' लागला. माझं अपयशसुद्धा तुम्ही स्वतःच्या नावावर करून घेतलंत."

वकीलसाहेबांचा हरकतीचा हात सवयीने वर गेला. जावयाने तो हळूच खाली ठेवला.

"बोलायचा हक्क तुमचा," लेक पुढे म्हणाली, "आणि मला लागलं हे म्हणायचा माझा. पण तुमची उलटतपासणी दुसऱ्याच शब्दाला सुरू व्हायची. मला तिथपर्यंत पोचताच आलं नाही कधी."

वाक्याच्या शेवटी माणसं काय ठेवतात, हे वकीलसाहेबांना आज पहिल्यांदाच कळत होतं. त्यांचे डोळे भरून आले. जावयाला वाटलं उजेड लागतोय, त्याने दिवा जरा बाजूला केला.

यथावकाश दाढ भरली. बोळे निघाले, नळी निघाली.

"बोला आता," लेक म्हणाली. उलटतपासणीला ती तयारच होती.

"थुकलं," वकीलसाहेब म्हणाले.

तिने शेजारच्या बेसिनकडे बोट दाखवलं. त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि छातीवर हात ठेवला. "माझं. माझं थुकलं."

"काय म्हणालात?"

"थुकलं गं माझं. खलंच थुकलं."

"नीट ऐकू येत नाहीये, बाबा. पुन्हा म्हणा."

ते पुन्हा म्हणाले. तिने आणखी एकदा म्हणायला लावलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, तरी ते म्हणत राहिले. जावयाला सासऱ्याची दया आली.

"अगं, 'चुकलं' म्हणतायत ते."

"मला केव्हाच कळलंय," ती डोळे पुसत म्हणाली. "तू मध्ये बोलू नकोस."