उपाशी राहिलेला ड्रम

मित्रांनो, नाक दाबायची घाई करू नका. कारखान्याच्या कॅन्टीनमागे उभा असलेला मी एक जुना, निळा कचऱ्याचा ड्रम आहे खरा, पण आज सकाळीच मला घासूनपुसून उन्हात ठेवलं आहे. असा योग रोज येत नाही. म्हणून म्हटलं, अंग कोरडं आहे तोवर तुमच्याशी चार शब्द बोलून घ्यावेत.

मी नवा होतो तेव्हा माझ्या पोटात साबणाचं पाणी असायचं. लिंबाचा वास यायचा हो माझ्या अंगाला! पुढे साबण संपला, कुणीतरी करवतीने माझं डोकं कापलं आणि मला या मागच्या दाराशी आणून उभं केलं. तेव्हापासून ताटातलं खरकटं आणि पातेल्यात उरलेलं सगळं माझ्या पोटात. इथल्या मुख्य आचाऱ्यांना सगळे वस्ताद म्हणतात. दुपारची पाळी जेवून गेली की ते उरलेला भात माझ्यात रिता करत आणि माझ्या पाठीवर थाप मारून विचारत, "काय रे, जेवलास का पोटभर?" चारशे माणसांचा स्वयंपाक आणि शेवटचा मानकरी मी! मी नुसता फुगून जायचो.

एकदा कचरागाडीवाल्याने घाईघाईत मला रिकामं न करता गाडीतच घातलं आणि मी थेट कचऱ्याच्या डोंगरावर पोचलो. तिथे माझा सगळा तोरा उतरला. कालचा भात, परवाची भाजी, पावाचे ढीग, सगळं एकावर एक सडत होतं. मधूनमधून धूर निघत होता.

"सडलं की आत गॅस होतो, मग ते धुमसत राहतं," गाडीवाला तोंडाला रुमाल बांधत म्हणाला. "हवाही तापते त्याने. पलीकडच्या वस्तीतली पोरं खोकून खोकून बेजार झालीत."

ज्या भाताला कुणी पाणी पाजलं, कुणी कापलं, कुणी गाडी भरून लांबून आणलं, तो इथे कुणाच्या पोटात न जाता धूर होऊन बसला होता. आणि त्याला इथवर वाहून आणणारा मी. फार लाज वाटली मला. पुढच्या फेरीत गाडीवाल्याने मला परत माझ्या जागी आणून ठेवलं.

वस्तादांची मुलगी अन्नपेढीचा टेम्पो चालवते. ठिकठिकाणी उरलेलं चांगलं अन्न गोळा करायचं आणि गरजूंपर्यंत पोचवायचं, हे अन्नपेढीचं काम. तिने वर्षभर वडिलांचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे वस्ताद तयार झाले.

पण पहिल्याच दिवशी घोळ झाला. कुणाला जेवण द्यायचं ते वाफाळतंच, हा वस्तादांचा हट्ट. त्यांनी भात-भाजी चुलीवरून उतरवून तशीच तीन खोल डब्यांत ठासून भरली आणि झाकणं घट्ट लावली. वाफ आतल्या आत कोंडली. टेम्पो गावभर फिरून वृद्धाश्रमात पोचेपर्यंत सगळं आंबलं. मुलीने तिन्ही डबे परत आणले आणि माझ्यात ओतले.

"बाबा, पुन्हा असं झालं तर तुमच्याकडची फेरी बंद होईल. नियमच आहे तसा," ती म्हणाली. "पसरट ट्रेमध्ये काढा, पंख्याखाली निववा, मग फ्रीजमध्ये ठेवा. तिकडे ते गरम करून घेतात."

"गार जेवण पाठवू? म्हाताऱ्या माणसांना? तीस वर्षांत केलं नाही मी असं!"

"आणि आज काय पाठवलंत?"

त्या दिवशी वस्तादांनी मला थाप मारली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ट्रे मांडले, भात पातळ पसरला आणि बोटं लावून लावून तो निवल्याची खात्री केली आणि फ्रीजमध्ये गार झाल्यावरच डब्यांत भरला. टेम्पो गेला तसे ते पालथा क्रेट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. ना चहा, ना पाणी. नजर फाटकाकडे. मीही मनातल्या मनात म्हणत होतो, आज मला काही नको, एक शीतसुद्धा नको.

ऊन कलल्यावर टेम्पो आला. मुलीने डबे उघडून दाखवले. पुसून घेतल्यासारखे लख्ख!

"एका आजोबांचा निरोप आहे," ती म्हणाली. "भाजीत मीठ जरा हात आखडून घाला म्हणाले."

"मीठ? माझ्या भाजीत?" वस्ताद उसळले. मग एकदम हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे चवीने खाल्लं की गं!"

आता माझ्या वाट्याला फक्त सालं आणि देठं येतात. त्यांचं खत होतं आणि ते मागच्या झाडांना जातं. कचरागाडी पूर्वी रोज यायची, आता आठवड्यातून दोनदाच येते. आज मला घासताना वस्तादांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "काय रे, उपाशीच का?"

मित्रांनो, ताटात लागेल तेवढंच घ्या. चांगलं अन्न उरलं, तर ते खराब व्हायच्या आत कुणाच्या तरी मुखी लागेल असं बघा. माझी काळजी करू नका. इतकं हलकं मला साबण संपला तेव्हाही वाटलं नव्हतं.