सुताराचं दार शेवटी

पिंपळदऱ्याच्या एका गुराख्याला बैलानं शिंग मारलं, तेव्हा सात गावांतल्या झाडून सगळ्या माणसांच्या डाव्या मांडीतून रक्त आलं. तुळशीराम सुतार त्या वेळी आपल्याच गावात, वडजाईत, हौसाबाईच्या घराचं दार उतरवत होता. त्यानं पटाशी खाली ठेवली, मांडीला फडकं बांधलं आणि पुन्हा कामाला लागला. हौसाबाई उंबऱ्यावर बसून आपली मांडी बांधत होती.

"आज कोण म्हणायचं?" तिनं विचारलं.

"कुणास ठाऊक. शिंगाचं दिसतंय."

"शिंग म्हणजे पिंपळदरा. तिथली बैलं माजलीत." तिनं गाठ दातानं ओढली. "म्हणजे आपल्यातलंच हाय. पलीकडच्यांनी काय केलेलं न्हाई."

पलीकडचे म्हणजे नदीपलीकडचे. त्यांच्या धास्तीनं सात गावांची जूट झाली होती. सात गावच्या सात म्हाताऱ्यांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून एकमेकांचे हात धरले आणि शब्द दिला की एकाला लागलं तर सगळ्यांना लागेल. दुसऱ्या दिवसापासून तसं लागायला लागलं. दुसरा नियम दारांचा होता. जुटीत आलेल्या प्रत्येक घरानं आपलं दार द्यायचं. ती दारं शिवेवर उभी करायची, एकाला एक लागून, कडी आतल्या अंगानं. प्रत्येक दाराआड त्या घरचं एक माणूस बाहेर तोंड करून उभं राहायचं. घरांना मग दारं लागत नव्हती. आत आहे त्याला दार कशाला, असं जुटीचे प्रमुख सरनाईक म्हणायचे.

दारं उतरवायची आणि शिवेवर बसवायची, हे काम तुळशीरामचं. नवं गाव आलं की शीव पुढं जायची आणि दारांचं सगळं रिंगण उचलून पुन्हा मांडावं लागायचं. जो सगळ्यांत नवा, त्याचं दार सगळ्यांत पुढं.

तुळशीरामच्या स्वतःच्या घराला मात्र दार होतं. सुतारानं आपल्या घरचं काम शेवटी करायचं, हा त्याच्या बापापासूनचा रिवाज. म्हणून प्रत्येक वेळी रिंगण मांडताना तो आपल्या दाराच्या मापाची, तीन हातांची जागा मोकळी सोडायचा. त्या फटीत केरबा नावाचा पहारेकरी बसायचा.

"मिस्त्री, पलीकडचे आले तर ह्याच भोकातनं येणार," केरबा म्हणायचा.

"तू बसलायस की."

"मी एवढासा माणूस. आडवा झालो तरी तीन हात भरत न्हाई. तुमचं दार आणा एकदा, म्हंजे मी घरी जाऊन पडतो."

"आणतो. सगळ्यांचं होऊ दे."

तुळशीरामला घाई नव्हती असं नाही. त्याची घाई वेगळी होती. त्याची लेक शेवंता नारवडीला दिलेली होती, आणि नारवडी नदीपलीकडं होती. लग्न जुटीच्या आधीचं. जूट झाली तेव्हा ती पलीकडची झाली. अकरा वर्षांत तिचा निरोप नव्हता. अंगावर जखम उमटली की तुळशीराम ती निरखून बघायचा आणि मग त्याला आठवायचं की ही तिची असणं शक्य नाही. तिकडं तिला भाजलं असेल, कुणी मारलं असेल, ती पाण्याला जाताना पडली असेल. त्याचं अंग कोरडंच राहायचं. तिला लागलं तर आपल्याला कळावं, एवढंच त्याला हवं होतं. हे तो कुणाजवळ बोलला नाही. शीव जेवढी पुढं जाईल तेवढी बरी, म्हणून तो ठोकत राहिला.

शीव पुढं गेली. सातांची एकोणीस गावं झाली, मग चौऱ्याहत्तर. नाव सात गावंच राहिलं. बैठकीची सतरंजी दर नव्या गावाबरोबर आपोआप एक पट्टा लांब व्हायची. पुढं पुढं ती इतकी लांबली की सरनाईकांनी सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर टोकाकडून दुपारी चहाच्या वेळेला यायचं.

दारं नदीला पोचली तेव्हा नदी थोडी पुढं सरकली. मोकळ्या झालेल्या जागेत जी गावं सापडली, तिथल्या लोकांना विचारलं, पलीकडचे तुम्हीच का? त्यांनी पुढं बोट दाखवलं. ते तिकडं आहेत, म्हणाले, आम्हाला पण त्यांचीच भीती आहे, आम्हाला आत घ्या.

गावं वाढली तसं लागणंही वाढलं. रोज कुठं ना कुठं कुणी ठेचकाळायचं, कुणाला काटा भरायचा, कुणाचा हात चुलीत जायचा. आयाबाया पोरांना पळू देत नव्हत्या. विळ्यांची धार मुद्दाम मारून ठेवलेली असायची. एकदा तुळशीरामचा हातोडा अंगठ्यावर बसला आणि चौऱ्याहत्तर गावांचे अंगठे काळे पडले. बैठकीत उभं राहून त्याला सगळ्यांची माफी मागावी लागली. माफी टोकापर्यंत पोचेस्तोवर तो उभाच होता.

मग एके दिवशी नारवडी आली.

नारवडीच्या पुढं काही नव्हतं. तिथल्या शेवटच्या बांधावरून पुढं चालत गेलं की माणूस वडजाईच्या मागच्या ओढ्यात उतरायचा. तुळशीरामनं दोनदा चालून बघितलं. सगळं आत आलं होतं. त्यानं नारवडीच्या तीस घरांची दारं उतरवून रिंगणात बसवली. एकतिसावं घर शेवंताचं होतं, आणि रिंगणात एकच जागा उरली होती. ती त्याची.

शेवंता अंगणात उभी होती. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. दार त्यानंच तिच्या लग्नात करून दिलेलं. सागाचं लाकूड मिळालं नव्हतं म्हणून आंब्याचं केलं होतं. खालचा कोपरा शेळीनं कुरतडला होता.

"आबा, हे कुठं लावणार?" तिनं विचारलं.

"आहे जागा."

"ती तुमची ना? केरबादादा सांगत होते."

"माझं काय, मी इथलाच. माझं नंतर बघू." त्यानं दार खांद्यावर घेतलं. "बरी आहेस का तू?"

"आता कळंलच की तुम्हाला," शेवंता म्हणाली.

तीन हातांच्या जागेत ते दार असं बसलं, की जणू तिथलंच होतं. केरबा अंग झटकत उठला.

त्याच आठवड्यात बैठक भरली. सरनाईकांनी सकाळी विचारलं, "आता पलीकडं कोण राहिलंय?"

दुपारी टोकाकडून उत्तर आलं. कोणी नाही.

कपाळाला, हाताला, गुडघ्याला फडकी बांधलेली माणसं सतरंजीकडं बघत बसली. मग हौसाबाई म्हणाली, "मग दारं घरी न्यावीत की. माझ्या घरात कुत्री शिरतात."

"आणि जूट?" सरनाईक म्हणाले.

"ती राहील."

"कशासाठी राहील? एवढी माणसं दाराआड उभी आहेत. त्यांनी बघायचं कुणीकडं?" सरनाईक चिडले नव्हते. त्यांना खरंच काळजी वाटत होती. "आपण इतकी वर्षं एकमेकांचं रक्त काढून घेतलं, ते बाहेर कुणीतरी आहे म्हणून. बाहेर कुणीच नसेल तर हे सगळं आपणच आपल्याला केलं, असं होईल. तसं होऊन चालणार नाही."

हे बोलणं सतरंजीवरून एकाकडून दुसऱ्याकडं गेलं. उत्तराला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. उत्तर असं होतं, की ज्याच्या घराला अजून दार आहे तो बाहेरचा.

"मिस्त्री, तुमच्या घराला दार आहे का?" सरनाईकांनी विचारलं.

"आहे," तुळशीराम म्हणाला.

"मग झालं."

सगळ्यांना हायसं वाटलं. चहा आला. "चहा घेऊन जा मिस्त्री," सरनाईक म्हणाले, आणि तो चहा घेऊन गेला.

घरी जाऊन त्यानं आपलं दार उतरवलं, पाठीवर बांधलं आणि शिवेवर नेलं. तीन दिवस तो रिंगणाच्या कडेनं चालला. कुठंही जागा नव्हती. एका दाराआड केरबा उभा होता.

"सुई जाणार न्हाई मिस्त्री," केरबा म्हणाला. "तुमचंच काम. चोख करता तुम्ही."

"जरा सरकव. एक दार सरकलं तरी पुरे."

"एक सरकलं तर सगळी सरकायला लागतील. आणि ठरलंय ते ठरलंय." केरबानं खाली बघितलं. "मला आता तुमच्याकडं बघून उभं राहावं लागंल. राग मानू नका."

"राग नाही," तुळशीराम म्हणाला. तो दार घेऊन परत आला आणि ते त्यानं भिंतीला टेकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई समोरच्या आडावर भांडी घासत होती. एकाएकी तिची उजवी भुवई उकलली. रस्त्यानं जाणाऱ्या तिघांची उकलली. सगळ्यांनी सवयीनं पदर नाहीतर टोपी लावली. तुळशीरामनंही हात कपाळाला नेला. कपाळ कोरडं होतं. त्यानं बादलीच्या पाण्यात वाकून बघितलं.

"कुणीकडनं आलं हे?" त्यानं विचारलं.

"नारवडीकडनं, म्हणत्यात." हौसाबाईनं पदर पिळला. "बाईमाणूस हाय."

"कोण बाई?"

"तेवढं कुठं कळतं? लागलं, एवढं कळतं."

त्यानं भुवई बोटानं दाबली. मग घरात जाऊन ठोकायची लाकडी मोगरी आणली आणि तिच्या दांड्यानं उजव्या भुवईवर मारलं. रक्त आलं. दुखलंही. हौसाबाई त्याच्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नवीन उमटलं नाही.

"ते तुमचं तुम्हाला, भावजी," ती म्हणाली आणि भांडी उचलून निघून गेली. ती परत आडावर आली नाही.

त्यानंतर दारं आत वळली. ती उचलताना कुणी दिसायचं नाही. सकाळी तुळशीराम बघायचा तर ती माळावर असायची, जेवून उठायचा तर गोठ्याशी. रिंगण मोठं आणि घर लहान, म्हणून ती एकामागं एक रांगा धरून उभी राहिली. मावळतीकडं, उगवतीकडं, मागच्या भिंतीला. कड्या सगळ्या पलीकडच्या अंगाला. जिथवर नजर जात होती तिथवर आंबा, साग, जांभूळ, बाभूळ. बहुतेक दारं त्यानं लाकडावरून ओळखली. हे पिंपळदऱ्याचं, हे हौसाबाईचं.

मग ती अंगणात आली, मग ओट्यावर. चौथ्या दिवशी दुपारी पुढच्या रांगेतलं दार त्याच्या रिकाम्या चौकटीत येऊन उभं राहिलं. ते बरोबर मापाचं होतं. खालचा कोपरा शेळीनं कुरतडलेला होता. जो सगळ्यांत नवा, त्याचं दार सगळ्यांत पुढं.

दार पुरतं लागलं नव्हतं. कडेला बोटभर फट होती आणि तिच्यातून उजेड येत होता.

"शेवंते," तुळशीराम म्हणाला.

"व्हय आबा."

फटीतून तिचा अर्धा चेहरा दिसत होता. उजव्या भुवईवर फडकं होतं. तिच्यामागं उभ्या असलेल्या माणसाच्या भुवईवर होतं, त्याच्या मागच्याच्याही होतं.

"हे तुला लागलं होतं का?"

"सगळ्यांना लागलंय आबा."

"पहिल्यांदा कुणाला?"

तिनं आठवून बघितलं. "ध्यानात येत न्हाई," ती म्हणाली. "रोजचंच असतंय."

तिनं दार एकदा ओढून बघितलं. ते चौकटीला अडलं.

"आबा, हे लागंना झालंय. वरच्या अंगाला फुगलंय. सरनाईक म्हणतात, एवढी फट ठेवता यायची न्हाई."

"आंब्याचं आहे. ओल धरतं. चार दिवस उघड्यावर उभं होतं."

"तुमच्या बाजूनं तासायला लागंल. इकडनं हात पोचत न्हाई."

तुळशीराम आत गेला. पेटीतून त्यानं रंधा काढला, पातं नखावर घासून बघितलं, हातोडीनं हलकेच ठोकून बसवलं. परत आला तेव्हा ती फटीशीच उभी होती. दार हलू नये म्हणून तिनं कडेला हात धरला होता.

"बोटं काढ," तो म्हणाला. "लागेल."

तिनं बोटं काढली. त्यानं वरून खाली रंधा मारला. आंब्याच्या लाकडाची पातळ साल वेटोळं होऊन त्याच्या पायाशी पडली. मग दुसरी पडली.

"लाव बघू."

तिनं ओढलं. "अजून थोडं."

त्यानं अजून थोडं तासलं. हात हलका ठेवून, कोपऱ्याला जपत, जसं लग्नाच्या वेळी तासलं होतं तसं.

"लाव आता."

उजेडाची पट्टी दोऱ्याएवढी झाली आणि मग राहिली नाही. शेवंतानं कडी लावली. तिच्यामागच्या दाराची कडी लागली, त्याच्यामागच्या दाराची लागली, त्याच्याही मागची. कड्या लागत लागत आवाज लांब जात राहिला. तुळशीरामनं दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला. सुईसुद्धा जाणार नव्हती.