आधीच बसवलेली

वहिनींचं पत्र येऊन दोन वर्षं झाली होती आणि ग्रंथपालांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. वहीतून फाडलेला एक कागद. ‘भाऊजी, दर गुरुवारी हे वाचनालयात उशिरापर्यंत बसून काय लिहीत होते? यांची नजर अधू झाल्यापासून मी रोज यांना वाचून दाखवायचे आणि दहा मिनिटांत हे झोपी जायचे. माझ्या वाचनाला कंटाळले होते का? काही लिहिलेलं सापडलं तर कळवा. नसेल तरी कळवा.’

‘हे’ म्हणजे शिक्केमास्तर, वाचनालयाचे कारकून. पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारण्यात जन्म गेला, म्हणून हे नाव. उतारवयात त्यांनी वाचनालयाची वेबसाइट उभी केली. पडद्यावरची अक्षरं बोटाएवढी मोठी करून ते तिच्यावर दर आठवड्याला एका पुस्तकाविषयी टिपण लिहीत. ते गेले, आणि आठवडाभरात ग्रंथपालांनी कसलंसं अपडेटचं बटण दाबलं. साइट पांढरीफटक पडली. त्यानंतर पत्र आलं. आता वहिनींना काय लिहायचं? तुमच्या माणसाचं अक्षर न् अक्षर माझ्या हातून पुसलं गेलं म्हणून?

पत्र कपाटात राहिलं. मात्र रिकाम्या वाचनकक्षातून अधूनमधून शिक्का आपटल्याचा आवाज येई. ग्रंथपाल तेव्हा मान खाली घालून काम करत राहत.

आता नव्या समितीला साइट पुन्हा हवी होती. भर दुपारी मागच्या खोलीत ते संगणकासमोर बसले होते. फोनवर भाची होती. तिची नोकरीच या कामातली.

“मामा, हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी उघडली का?”

“उघडली. आत काही दिसत नाही.”

“दिसायचं नाहीच. मी सांगते तेवढं टाइप करा. हळू केलं तरी चालेल, पण जागा सोडायला विसरू नका.”

पहिल्या हुकमाला ओळींमागून ओळी सरसर वर गेल्या आणि साइटचा सांगाडा उतरला. मग डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड द्यायचा होता. भाचीने ते आदल्या दिवशी मेसेजने पाठवलं होतं. पण फोनवरच्या मजकुराला ग्रंथपालांनी कधी नोंद मानलंच नव्हतं. खणात पुस्तकांच्या तालिकेचं एक जुनं कार्ड होतं. त्यावर शिक्केमास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात दोन्ही गोष्टी लिहिलेल्या. ग्रंथपालांनी कार्डावरून उतरवलं. यंत्राने मुकाट्याने घेतलं. शेवटचा हुकूम साइट बसवण्याचा. वाचनालयाचं नाव, आपलं नाव, ईमेल, आणि एंटर.

एकच ओळ उमटली.

“आधीच बसवलेली आहे म्हणतंय,” ग्रंथपाल म्हणाले.

“कसं शक्य आहे? कोरा डेटाबेस दिलाय मी. काय नाव टाकलंत?”

त्यांनी कार्ड वाचून दाखवलं.

“अहो मामा, हे जुनं. काल काय मी भिंतीला सांगत होते? बरं, असू दे. रिसेट करू. खात्री आहे का विचारेल, वाय दाबा. सगळं साफ होईल.”

तिने सांगितलेला हुकूम त्यांनी टाइप केला. यंत्राने विचारलं. ग्रंथपालांचं बोट वायवर गेलं, तोच वाचनकक्षात शिक्का आपटला. या वेळी त्यांनी वळून पाहिलं. दारातून दिसणारी शिक्केमास्तरांची खुर्ची रिकामीच होती.

“सगळं साफ म्हणजे काय काय गं?”

“जुनी टिपणंबिपणं.”

“ती माझ्या हातून पुसली गेली ना?”

“कोणी सांगितलं? तुम्ही सांगाडा मोडलात. मजकूर वेगळा, डेटाबेसमध्ये असतो, तो आहे तिथेच आहे. मला विचारायचं तरी.”

“तू हसशील असं वाटलं.”

“हसले असते. आणि सांगितलंही असतं.”

त्यांनी ‘नाही’ दाबलं. मग भाचीने टिपणांची यादी मागवायला लावली. बाकी सगळी प्रसिद्ध झालेली. एक मात्र अडकलेलं. त्यावर तारीख होती शिक्केमास्तर गेल्यानंतरच्या तिसऱ्या गुरुवारची.

“आपोआप प्रसिद्ध व्हायला वेळ लावून ठेवलंय,” भाची म्हणाली. “तेव्हा साइट बंद होती ना. आता उघडून बघा.”

साइट उघडली. त्यांनी पान दुसऱ्यांदा उघडलं, तर सगळ्यांत वर नवं टिपण आलेलं. खाली शिक्केमास्तरांचं नाव.

‘या आठवड्याचं पुस्तक मी घरी ऐकलं. वाचता वाचता तिचा घसा बसतो, पण थांब म्हटलं तर थांबत नाही. म्हणून दहा मिनिटांनी मी डोळे मिटतो. ती दिवा बारीक करते आणि पुढचं स्वतःशीच, ओठातल्या ओठात वाचते. तेही मला ऐकू येतं. पुस्तकाचा शेवट मी असा ऐकला. चांगला आहे.’

“मामा, आहात ना? काय लिहिलंय?”

“उद्या सांगतो तुला,” ते म्हणाले. “आधी एकीकडे कळवायचं राहिलंय.”

वहिनींकडे संगणक नव्हता. ग्रंथपालांनी टिपण हाताने उतरून काढलं. वर स्वतःचं एखादं वाक्य हवं म्हणून तीन कागद फाडले आणि चौथ्यावर लिहिलं, ‘वहिनी, सापडलं. उशीर झाला तो माझ्यामुळे.’

पाच वाजता ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. पत्ता दोनदा वाचला, तिकीट अंगठ्याने दाबून पाहिलं आणि पाकीट आत सोडलं. त्यांना लगेच त्याहून बरं एक वाक्य सुचलं. पण पाकीट आत पडलं होतं.