बॅनरवरचा लेफ्टनंट

चामटोलीच्या नाक्यावर भावेशचा बॅनर लागला आणि त्या दिवसापासून भावेशला घास गिळवेनासा झाला. गणवेशातला त्याचा भला मोठा फोटो, वर ‘भावी लेफ्टनंट’ आणि खाली शुभेच्छुक म्हणून निम्म्या गावाचे चेहरे! लष्करी अकादमीत गेलेला गावातला तो पहिलाच मुलगा. तो सुट्टीवर आला तसा वडिलांनी, जनूशेठने, सत्कार ठरवला. मंडप घातला, बदलापूरहून डीजे बोलावला.

सत्काराच्या संध्याकाळी भावेश ओटीवरून अंगणात आणि अंगणातून पुन्हा ओटीवर येरझाऱ्या घालत होता.

“अरे बाला, एका जागी बस ना!” आई मोतीबाई म्हणाली. “तुला बघून मलाच चक्कर येईल.”

पाहुणे म्हणून आलेल्या हरिचंद्र गुरुजींनी हे पाहिलं. शाळेत भावेशला त्यांनीच शिकवलं होतं. ते त्याला मागच्या पडवीत घेऊन गेले.

“सत्कार तुझा आणि तोंड असं उतरलेलं? काय झालंय?”

“गुरुजी, मी अकादमीत परत जाणार नाही.”

“का रे?”

“पोहण्याच्या परीक्षेत नापास झालो. उंच फळीवरून पाण्यात उडी मारायची असते. वर चढलो, पण पाय हलेचनात. आता ही टर्म पुन्हा करायची. मला सर म्हणणारे ज्युनिअर आता माझ्याच वर्गात बसणार.”

“त्याची लाज वाटते?”

“तिथे नाही वाटत, गुरुजी. तिथे बरेच जण मागे राहतात, पुन्हा करतात. आमचे पोहणं शिकवणारे उस्ताद तर हसून म्हणाले, ‘फिर से चढ, बेटा.’ पण इथे आलो, तो बॅनर बघितला, आणि वाटलं की गेलोच नसतो तर बरं झालं असतं.”

मुलाला बोलवायला आलेला जनूशेठ दारातच थबकला होता.

“नापास? आणि हे आत्ता सांगतोस?” तो ओरडला. “मंडप भरलाय! गावात तोंड कसं दाखवू मी? आज गप हार घालून घे. बाकी उद्या बघू.”

“जनू, थांब!” गुरुजी म्हणाले. “पाण्याला तो घाबरला, ती भीती अकादमीवाले काढतील. पण बापाला खरं सांगायला घाबरला, ती कोण काढणार? भात लावल्या दिवशी तू कधी मळणीनंतरचं खळ्याचं जेवण घातलंस का? पोरगा अजून शिकतोय. तो परत जात नाहीये ते नापास झाला म्हणून नाही रे, तुझ्या बॅनरमुळे!”

मंडपातून “हॅलो, चेक, चेक” ऐकू येत होतं. जनूशेठने मुलाकडे पाहिलं. भावेशची मान वर होत नव्हती. जनूशेठ वळला, तडक मंडपात गेला आणि त्याने माइक हातात घेतला.

“मंडळी, बॅनरवर भावी लेफ्टनंट लिवलाय ना, तो मी लिवलाय, पोरानं नाय. पोरगा पोहण्यात नापास झालाय. टर्म परत करणार हाय. आज सत्कार नाय. पण जेवण तयार हाय, कोणी उपाशी जायचं नाय!”

मंडपात कुजबुज सुरू झाली. मग मागून गावातले पट्टीचे पोहणारे सदूकाका ओरडले, “अरे जनूशेठ, नदी उशाला आणि पोरगा पोहायला नापास? सकाळी धाड त्याला माझ्याकडं!”

सगळे हसले. बापामागोमाग मंडपात आलेला भावेशही हसला! त्या हशातच त्याची चुलतबहीण रिद्धी आईच्या कानाशी लागली, “मम्मी, माझं पण गणित राहिलंय, नापास झालेय. सांगायचंच होतं तुला.”

सुट्टीचे उरलेले दिवस भावेश रोज सदूकाकांबरोबर नदीवर पोहायला गेला. मग स्वतःच बॅग भरून अकादमीत परतला.

मित्रहो, मुलांचं कौतुक जरूर करू या. पण शिकणाऱ्या मुलाला अडखळायची आणि पुन्हा उभं राहायची मोकळीक हवी. आपण अडखळलो हे त्याला सगळ्यात आधी आई-बापाला सांगावंसं वाटलं पाहिजे. तेवढा धीर घरातून मिळाला, तर बाहेरची कितीही उंच फळी तो चढेल.