बाबांचा भाषेचा पेपर

बाबांचा भाषेचा एक पेपर सुटायचा राहिला होता, तोही पंचेचाळीस वर्षांपासून. दहावीला बाकीचे सगळे विषय सुटले, भाषा अडकली, आणि ते सोफे-खुर्च्या भरायच्या धंद्याला लागले. आई दहावी पास. घरात कसलाही वाद निघाला की ती शेवटी म्हणायची, "जाऊ दे, तुम्ही नका डोकं चालवू. आमच्याकडे सर्टिफिकेट आहे." बाबा नुसते हसायचे. पण गेल्या वर्षी त्यांनी गुपचूप परीक्षेचा फॉर्म भरला, पत्ता दुकानाचा दिला आणि मला बजावलं, "पास झालो तर मीच सांगेन तिला. नापास झालो तर तू अवाक्षर काढायचं नाहीस."

ऑफिस सुटलं की मी दुकानात जायचे. ते दाभणाने खुर्चीची कड शिवत असायचे, मी समोर पुस्तक उघडून बसायचे.

"हाताला लागतं ते सामान्यनाम," मी सांगितलं. "लागत नाही ते भाववाचक. खिळा?"

"सामान्यनाम."

"गरिबी?"

"भाववाचक. लागते बरीच, पण असू दे."

"आराम?"

"सामान्यनाम."

"बाबा!"

"अगं, चाळीस वर्षं तेच विकतोय मी. गिऱ्हाईक बसून बघतं, मागे टेकून बघतं, मग घेतं. हाताला नाही, पाठीला तर लागतो ना?"

मी लाल पेनाने फुली मारली.

"मार," ते म्हणाले. "पण गिऱ्हाईक येऊन काय मागतं, ऐकलंयस कधी? मऊपणा हवा, रुबाब हवा. सगळी तुझी भाववाचकं. आणि माझ्या हातात काय, तर काथ्या, फोम आणि कापड."

शब्दावरून शब्द तयार करण्यात मात्र ते तरबेज झाले. माणूस, माणुसकी. मित्र, मैत्री. गोड, गोडवा. एकदा मी मुद्दाम विचारलं, "नवरा?"

"नवरेपणा," ते म्हणाले आणि दोरा दाताने तोडला. "पण आहे की नाही ते तुझ्या आईला विचारून लिहावं लागेल."

पेपर दिल्यावर तीन आठवड्यांनी बाबा गेले. सकाळी दुकानाच्या किल्ल्या खिशात टाकल्या आणि घराच्या दारापर्यंतच पोचले.

काल मी आणि आई दुकान आवरायला गेलो. शटरखालून आत सरकवलेली टपालाची पाकिटं मी गोळा केली. त्यातलं एक परीक्षा मंडळाचं होतं. आईकडे पाठ करून मी ते फोडलं. एकतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. मी कागदाची घडी केली. शब्द दिला होता.

"काय गं ते?"

"काही नाही. जाहिरात आहे."

"जाहिरात वाचून कुणी रडतं का? आण इकडे."

चष्मा घरी राहिला होता, म्हणून तिने कागद लांब धरून दोनदा वाचला. मग मला सगळं सांगावं लागलं.

मला वाटलं, ती कोसळेल. ती भडकली.

"मला का नाही सांगितलं? मला भाषेत पासष्ट होते. मी शिकवलं असतं. तू शिकवलंस म्हणून ही वेळ आली."

"आई, चारच गुण कमी पडले."

"चार तर कुठेही निघतात! त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्या. संसार केला त्या बाईला अर्धं लागायचं नाही, तर त्या तपासणाऱ्याला काय लागणार?"

कागदाच्या मागे फेरतपासणीचा अर्ज छापलेला होता. तिने कापड कापायच्या टेबलावरचे तुकडे बाजूला सारले. "पेन दे."

"आई, अर्ज उमेदवाराने करायचा असतो."

"मग मी कोण आहे?"

तिने बाबांचं नाव लिहिलं, परीक्षा क्रमांक दोनदा ताडून पाहिला. 'कारण' या रकान्यापाशी मात्र ती अडली.

"काय लिहू गं? तू एवढी शिकलीस."

"लिही, काही उत्तरं तपासायची राहून गेली असावीत."

तिने मान हलवली आणि लिहू लागली. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. 'यांनी अपुरे काम कधी कुणाच्या हवाली केलेले नाही. कृपया पुन्हा पाहावे.'

कागदावर फुंकर घालून तिने विचारलं, "पोस्ट किती वाजेपर्यंत उघडं असतं?"