कानामागचा दोरा

हे कुणाला खरं वाटणार नाही, पैज लावतो. मी शिंपी माणूस. वीतभर कापडाचं हातभर करून सांगायची जुनी खोड. पण माझ्या थोरल्या भावाची बायको एका दुपारी तीस वर्षं मागे गेली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा आमच्या भागात चेहरे तरुण करून देणारी एक माई बसायची, तिच्या दारातली रांग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जायची. बायका रुमालानं तोंड झाकून आत जात आणि बाहेर येताना रुमाल हातात. गालांवरच्या घड्या गायब, हनुवटीखालची झोळी गायब. तोंडावर सगळे तिला माई म्हणत, माघारी इस्त्रीमाई.

"साप कात टाकतो, तेव्हा त्याला कोण डॉक्टर लागतो?" माई विचारायची. "सुरी नाही, रक्त नाही, भूल नाही. श्रद्धा घट्ट, तर गाल घट्ट. आणि ज्याचे केस तोकडे, त्याची श्रद्धाही तोकडी."

एका टक्कल पडलेल्या गवयाला तिनं उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. शंका तेव्हाच यायला हवी होती. आम्ही हसलो.

वहिनीला मात्र सुंदर वगैरे दिसायचं नव्हतं. दादाची आठवण उसवत चालली होती. अलीकडची वर्षं आधी गेली, मग त्यामागची, आणि तो जाऊन पोचला लग्नानंतरच्या दिवसांत. तिथे त्याची बायको तरुण होती. मग घरात वावरणारी ही पिकल्या केसांची बाई कोण?

"बाई, आता तुम्ही घरी जा," तो वहिनीला अदबीनं म्हणायचा. "आमची ही येईल. तिला बरं नाही वाटायचं."

वहिनी दाराबाहेर जायची, थोडी उभी राहायची आणि पुन्हा आत यायची. आम्हा दोघा भावांच्या शिंपीकामाच्या दुकानातल्या मोठ्या आरशात दिसणाऱ्या म्हाताऱ्यालाही दादा गिऱ्हाईक समजून बसायला सांगायचा.

वहिनी आधी रीतसर सर्जनबाईंकडे गेली. मी सोबत होतो. तिनं लग्नातला फोटो टेबलावर ठेवला. "असा चेहरा करून द्या. किती लागतील?"

सर्जनबाईंनी घाई केली नाही. त्यांची फी, भूल देणाऱ्यांची वेगळी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, तपासण्या, मुक्काम, औषधं. बेरीज ऐकून मी खुर्चीचा हात धरला. अर्धं दुकान त्यात जात होतं.

"हे झालं बिलातलं," त्या म्हणाल्या. "तोंड काळंनिळं होऊन सुजेल. कानाजवळ बधिर वाटेल. क्वचित नसेला धक्का बसतो, ओठ वाकडा होतो. एवढं सोसून गाल वर जातील, पण फोटोतली मुलगी परत येणार नाही. कुणासाठी करताय?"

वहिनीनं फोटो उचलला आणि आम्ही निघालो. खरा हिशेब सांगणाऱ्याच्या दारातून आपण उठतो ते थेट थापाड्याच्या रांगेत उभे राहतो. माईला म्हणे पैशांचा विटाळ होता. दागिना चालायचा. वहिनीनं बांगड्या काढून दिल्या.

आतल्या खोलीत पिवळा दिवा आणि धुरकट आरसा. माई मागे उभी राहून पुटपुटत केसांत बोटं फिरवत होती. वहिनीला वाटलं, कुणीतरी आपल्याला मागच्या मागे ओढून नेतंय. निघताना ताकीद मिळाली: केस धुवायचे नाहीत, कानामागे कुणाचा हात लागू द्यायचा नाही, आणि हसायचं नाही. हसलीस तर वरदान सुटेल.

ती घरात शिरली तेव्हा मी हातातली शिलाई सोडून उठलो. फोटो चालत आला होता. गाल तरुण, केस कलपानं काळे, आणि डोळे मात्र तिचेच, थकलेले, दुसऱ्याच्या मुखवट्यातून बघणारे. दादानं मान वर केली. बराच वेळ पाहिलं. मग तिला लाडक्या नावानं हाक मारली. "आलीस? किती वाट बघायला लावलीस."

ती हाक आठवली की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

तो उठला, जवळ आला, तिच्या केसांवरून हात फिरवू लागला आणि कानामागे थांबला. दादा सगळं विसरला होता, जेवलो की नाही तेसुद्धा. पण सुटा दोरा दिसला की कापायचा, हे त्याची बोटं विसरली नव्हती. खिशातली छोटी कात्री कधी निघाली, कळलंच नाही.

कट्.

वहिनीचा डावा गाल खाली आला. उजवीकडे ती तरुण, डावीकडे म्हातारी. दादा दोघींकडे बघत राहिला.

"उसवलं," तो म्हणाला, आणि सुई शोधायला लागला.

सर्जनबाईंनी तेल लावून बाकीचं सोडवलं. कानशिलाला चिकटवलेल्या पारदर्शक पट्ट्या, त्यांना दोरे, आणि दोरे केसांखालून ओढून डोक्यामागे घट्ट बांधलेले. नाटकातले नट लावतात तसंच. म्हणून लांब केस हवेत, म्हणून धुणं नको, म्हणून हसणं नको. डिंकाखालची कातडी फोडांनी भरली होती. वहिनी त्या फोडांसकट माईच्या रांगेपाशी गेली आणि पट्टी बायकांच्या हातांतून फिरवली. रांग विरली. पुढे माईही दिसेनाशी झाली.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ही गोष्ट मी दुकानात बसून सांगतो, कपडे घ्यायला आलेली माणसं ऐकतात. परवा बेकरीवाली ऐकत होती. सांगून झालं तरी उठेना.

"म्हणजे पट्टी का असेना, ओळखलं तर खरं त्यांनी," ती हळूच म्हणाली. "काका, ती माई आता कुठे बसते? आमच्या आईसाठी विचारते. बाबा तिला ओळखत नाहीत."

कोपऱ्यात वहिनी शर्टाला काजं करत होती. तिनं सुई खाली ठेवली.

"भावजी, खोटं सांगताय तुम्ही. ह्यांनी हाक मारली नव्हती." मग ती बेकरीवालीकडे वळली. "ऐक, पोरी. गाल वर असतानाही ते मला म्हणाले, बसा बाई, आमची ही एवढ्यात येईल. पट्टीतली लबाडी भावजींनी उघडी पाडली आणि ही हाक तेवढी ठेवून दिली, गोष्ट गोड व्हावी म्हणून. बघ, तुला तेवढीच लक्षात राहिली. वडलांना डॉक्टरकडे ने. आणि चेहऱ्याचं कुणी काही सांगितलं, तर किती लागेल ते विचार, आणि काय मिळणार नाही तेही विचार. जो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत नाही, त्याच्या दारातून उठ."

"पण ते जवळ आले होते ना?"

"आले. दोरा दिसला म्हणून."