टोपीच्या आतले केस

बिस्किटाच्या पुड्यात सापडलेला केस जेमतेम बोटभर लांबीचा होता. कारखान्यात पुडे वाहणाऱ्या बेल्टवर काम करणाऱ्या बेल्टवालीचे केस गुडघ्यांच्या खाली जात. तरीही शनिवारी सुट्टीच्या वेळी साहेबाच्या केबिनमध्ये बोलावणं आलं ते तिलाच. खरं तर आधी कारखान्यातल्या मिशीवाल्यांना रांगेत उभं करायला हवं होतं, पण त्यांतला सगळ्यात झुपकेदार मिशीवाला खुद्द साहेब, म्हणजे सुपरवायझर होता, आणि रांगा लावण्याचं काम त्याच्याकडेच होतं.

त्याला पाठीमागे सगळे शिट्टी म्हणत. बोलावण्याऐवजी तो शिट्टी मारायचा आणि जिच्याकडे बघेल तिनं यायचं, अशी पद्धत होती. बेल्टवाली नऊ वर्षांत एकदाही शिट्टीला वळली नव्हती. तिला बोलवायचं तर त्याला चालत यावं लागे, हे तो विसरला नव्हता.

"तुटलेला तुकडा असेल," पुड्यातला केस कागदावर ठेवून तो म्हणाला. "एवढं जंगल वाढवल्यावर काहीतरी गळणारच."

"तो केस राठ आहे, साहेब. आणि भुरा आहे. माझे काळे आहेत."

शिट्टीनं मिशीवरून हात फिरवला आणि विषय बदलला. सोमवारपासून नवा नियम. आजवर वेणी कोटाच्या आत पाठीवर सोडलेली चालत होती, ते बंद. सगळे केस टोपीच्या आत. कपाळावर, कानावर, मानेवर एकही दिसता कामा नये. पिना, चाप, क्लिपा यांना तर आधीपासूनच बंदी होती, कारण धातूचा तुकडा पुड्यात जाणं हे केस जाण्याहून वाईट. सोमवारी दिवसभर तपासणी. पास झाली तर ती बेल्टवर राहील, नाहीतर गोदामात खोकी उचलील.

"नाहीतर कापून टाका," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम. माझ्या बायकोनं कापले, तिचं काही बिघडलं नाही."

बेल्टवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. गोदामात कुणीही चालतं. पण बेल्टचा आवाज ऐकून कुठला रोलर कोरडा पडलाय हे सांगणारी अख्ख्या कारखान्यात ती एकटी होती. ते काम तिनं कमावलं होतं. आणि केस तिचे होते, त्यांत कमावण्याचा प्रश्नच नव्हता. दोन्हींतलं एक निवडा म्हणणारा हा कोण?

"नियम मान्य आहे," ती म्हणाली. "केस दिसणार नाहीत."

"म्हणजे कापताय?"

"दिसणार नाहीत म्हटलं."

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. तिचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा आणि त्याचं डोकं तिशीतच साफ झालं होतं. तो मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मी तर म्हणतो, काप एकदाचे. बघ, मला काही त्रास आहे का?"

"तुम्ही कापले नाहीत. ते तुम्हाला सोडून गेले," ती म्हणाली. "माझे अजून राहिलेत."

कोपऱ्यात बसलेली सासू खुदकन हसली. सासूचं हसणं या घरात विरळाच. सुनेच्या बाजूनं तर नाहीच.

रविवारी सकाळी बेल्टवालीनं पहिली गोष्ट केली ती चुकीची. परीक्षा आहे म्हणून तिनं केस धुतले. दोन बादल्या पाणी, अर्धी बाटली शाम्पू, खोलीभर सुगंध. गॅलरीत पाट टाकून, केस कठड्यावर पसरून ती दुपारपर्यंत उन्हात बसली. खालून जाणारे लोक वर बघत होते, बघू देत. मग आत येऊन तिनं मोठ्या दातांचा कंगवा घेतला आणि शेंड्यांपासून गुंता काढत वर वर सरकली. असल्या केसांना वरून कंगवा घातला की संपलंच, खाली गाठ बसते ती कात्रीनंच सुटते.

अंबाडा घातला. डोक्यावर घातला तर टोपी उतरंडीसारखी उंच उभी राहिली. मानेवर घातला तर वाकताक्षणी टोपीचा इलॅस्टिक वर सरकला आणि अंबाडा खाली ओघळला. वेणी घालून गुंडाळली, शेंडा आत खोचला, तोही निसटला. रबरं लावली, रबरं तटातट तुटली. पाचव्यांदा सगळे केस पाठीवर कोसळले, तेव्हा ती आरशासमोर मटकन बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते आलं म्हणून तिला आणखी राग आला.

"आदल्या दिवशी धुतात का कधी?" सासू दारातून म्हणाली. "धुतलेला केस हातात राहत नाही. तिसऱ्या दिवशी तो शहाणा होतो. एवढी वर्षं वागवतेस आणि एवढं ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे, आई. उद्या शिट्टीसमोर मळके केस नकोत म्हणून धुतले."

"त्याच्यासाठी धुतलेस?"

सासूचं बरोबर होतं, तेच नेमकं झोंबलं.

सासू येऊन तिच्या पाठीमागे पलंगावर बसली. तिनं केस दोन्ही हातांत घेऊन तोलून बघितले. मग म्हणाली, "माझे कमरेखाली होते. तुला कुणी सांगितलं नसेल."

"नाही."

"मला मोठा ताप आला होता. हा पोटात होता तेव्हा. दहा दिवस शुद्ध नव्हती. नणंद माझं सगळं करायची, नाही कशाला म्हणू. पण विंचरायचा कंटाळा आला तिला. शुद्धीवर आले आणि मानेमागे हात नेला, तर हाताला काही लागेचना. तिनं वर सांगितलं, बरं झालं ना, हलकं वाटेल. सगळे तेच म्हणाले. मीही म्हणाले. मला हलकं वाटलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं."

इतक्या वर्षांत सासूच्या तोंडून बेल्टवालीनं भाजीत मीठ कमी आहे याखेरीज तक्रार ऐकली नव्हती. तिनं मागे वळून बघितलं. सासूचा चेहरा नेहमीसारखाच होता.

"पुढे बघ," सासू म्हणाली. "आणि ह्याला माझा डबा आणायला सांग."

डबा शिवणाचा होता. सासूनं अठ्ठावीस वर्षं एका दुकानात गाद्या आणि खुर्च्यांच्या उश्या शिवल्या होत्या. तिनं बोथट टोकाची लांब सुई काढली, जाड काळा सुती दोरा ओवला, दोरा मेणावरून दोनदा ओढला. बेल्टवालीनं डोकं पुढे ओढून घेतलं.

"आई, शिवणार?"

"केसांना केस शिवणार. तुझ्या डोक्याला नाही. गप्प बस."

केसांचे चार भाग झाले, चार बारीक वेण्या झाल्या. जाड वेणी उंच बसते, बारीक चपटी बसते, हे सासूनं हात न थांबवता सांगितलं. पहिली वेणी डोक्याभोवती फिरली, कानांच्या वरून. दुसरी तिच्या उलट दिशेनं, तिला चिकटून. तिसरी, चौथी आत आत वळत गेल्या. दर दोन बोटांवर सुई एका वेणीच्या कडेतून शिरे, शेजारच्या वेणीतून बाहेर येई, आणि दोरा हलकेच ओढला जाई. घट्ट ओढला तर डोकं दुखेल, सैल सोडला तर संध्याकाळपर्यंत घसरेल. सासूची बोटं वाकडी झाली होती, पण हा अंदाज चुकला नाही. दीड तास लागला. नवरा दोनदा चहा घेऊन आला आणि दोनदा त्याला उजेड अडवतोस म्हणून बाहेर घालवण्यात आलं.

शेवटची गाठ मारून सासूनं दोरा दातांनी तोडला आणि सुई डब्यात परत ठेवली. "हल आता."

बेल्टवाली वाकली. खाली बसून उठली. मान झटकली. घर झाडून काढलं, पलंगाखाली शिरली, पुन्हा मान झटकली. मग कामाची टोपी चढवली. ती डोक्यावर नीट बसली, जरा फुगीर, पण बसली. नवऱ्यानं बॅटरी घेऊन कानामागे, मानेवर, कपाळावर शोधलं.

"कुलूप चांगलं बसलंय," तो म्हणाला. या माणसाकडून याहून मोठी शाबासकी मिळत नसे.

"हे चार दिवस टिकतं," सासू म्हणाली. "पुढच्या वेळी धुऊ नकोस."

सोमवारी शिट्टी फाटकाशीच उभा होता. हातात छापील तक्ता, त्यावर तिची ओळ. त्यानं तिला वाकायला लावलं, मान हलवायला लावली, धातू शोधायचं यंत्र टोपीभोवती तीनदा फिरवलं. यंत्र गप्प राहिलं. त्यानं ते स्वतःच्या किल्ल्यांवर धरून पाहिलं, तेव्हा ते केकाटलं. बायका तोंडावर हात धरून कामाला गेल्या.

दिवसभर तो दर तासाला येऊन बघत होता. भट्टीच्या बाजूला घाम निथळत होता, दुपारी बेल्ट अडकला तेव्हा तिनं अर्धी आत शिरून रोलर मोकळा केला. डोकं जड झालं होतं आणि डाव्या कानामागे एक टाका टोचत होता. टोपीबाहेर मात्र काही आलं नाही.

सुट्टीची घंटा झाली. बेल्ट थांबला. ती तक्त्यावर सही घ्यायला गेली तेव्हा सगळ्या जणी हात पुसत, मुद्दाम रेंगाळत उभ्या होत्या. शिट्टीनं पेन उघडलं आणि परत मिटलं.

"आधी टोपी काढा," तो म्हणाला. "बघू तरी आत काय केलंय."

"कशाला?"

"कापले असतील तर कळेल. नसतील तर कसे बसवले ते कळेल."

"पास झाले की नाही?"

"झालात. पण बघायला काय हरकत आहे?"

तिला आतून संताप आला, पण आवाज चढला नाही. "केस दिसता कामा नयेत हा नियम तुमचा," ती म्हणाली. "तो मी पाळला. दिवसभरात एक दिसला नाही. आता तुम्हाला ते बघायचेत. हे कुठल्या नियमात बसतं?"

"मी सुपरवायझर आहे."

"बेल्टचे. टोपीच्या आत माझं डोकं आहे, तिथं तुमची ड्यूटी नाही. केस कापले असले तरी माझे, ठेवले असले तरी माझे. सही करा."

शिट्टीनं आजूबाजूला पाहिलं. एकीनंही मान खाली घातली नव्हती. त्यानं ओठांचा चंबू केला, पण शिट्टी वाजली नाही, नुसती हवा गेली. मग त्यानं पेन उघडून सही केली आणि कागद पुढे सरकवला.

बेल्टवालीनं तो हातात घेऊन सावकाश वाचला आणि परत त्याच्यापुढे ठेवला.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

त्यानं तारीख घातली.